सूचक म्हणून माझं नाव

जिल्हा परिषदेतली आमची मुदत संपून बराच काळ झाला. नंतर तिथं प्रशासक आले, समित्या राहिल्या नाहीत. त्यामुळं शिक्षण समितीतल्या एका ठरावाबद्दल आता लिहायला हरकत नाही. मुदत चालू होती तोवर हरकत होती. का होती, ते पुढं येईलच.

मोताळ्याला माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. वडिलांनी काढलेलं. भाऊ पुण्याला गेले, दुकान माझ्याकडं राहिलं, आई माझ्याकडं राहिली. आता आई नाही, दुकान आहे. लग्न केलं नाही. आमचा गट महिलांसाठी राखीव झाला तेव्हा पक्षाची मंडळी दुकानात आली, युरियाच्या थप्पीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, उभ्या राहा. गावोगावचे शेतकरी माझ्याकडं येतात, म्हणजे ओळख तयार होती. शिवाय घरात पुरुष माणूस नाही, तेव्हा निवडून आल्यावर कारभार आपल्याच हाती येईल, असा त्यांचा अंदाज असावा. पहिला अंदाज बरोबर निघाला, मी निवडून आले. दुसऱ्याबाबत त्यांची निराशा झाली.

समित्या वाटल्या तेव्हा बांधकाम समितीसाठी लोक हमरीतुमरीवर आले. शिक्षण समितीसाठी कुणी आवाज चढवला नाही. ज्यांच्या वतीनं बोलणारं कुणी नव्हतं, किंवा ज्यांच्या वतीनं बोलणाऱ्यांना दुसरं काही पाहिजे होतं, अशा आम्ही बायका तिकडं गेलो.

समितीची सभा महिन्यातून एकदा बुलढाण्याला व्हायची. कागदावर ती दुपारी, परिषदेच्या सभागृहात. प्रत्यक्षात ती सकाळीच विश्रामगृहावर उरकलेली असायची. बहुतेक जणींना त्यांचे मिस्टर गाडीनं घेऊन यायचे. बायकोला परिषदेच्या दारात उतरवायचं आणि आपण विश्रामगृहावर जायचं, असा शिरस्ता होता. तिथं सभापती, समितीतले पुरुष सदस्य आणि हे सगळे मिस्टर पोहे खात खात विषय निकाली काढायचे. कुठल्या गावाला वर्गखोली द्यायची, कुठल्या गुरुजींची तक्रार पुढं ढकलायची, सगळं तिथंच. मग ज्याचा त्याचा फोन ज्याच्या त्याच्या बायकोला यायचा. मला फोन करणारं कुणी नव्हतं. त्यामुळं प्रत्येक निर्णय मला सभागृहात बसल्यावर कळायचा, आणि तो झालेला असायचा.

पहिल्याच सभेला दारात एका अधिकाऱ्यानं अदबीनं विचारलं, मॅडम, तुमचे मिस्टर विश्रामगृहावर गेले का? मला मिस्टर नाहीत, मी म्हणाले. त्यांचा चेहरा पडला, त्यांनी माफी मागितली. मी विधवा आहे असा त्यांचा समज झाला, आणि सभा संपेपर्यंत तो सगळ्या मजल्यावर पसरला. दोन जणींनी येऊन माझा हात हातात घेतला. मी खुलासा केला नाही. लग्नच केलं नाही म्हटलं असतं तर आणखी प्रश्न आले असते.

एकदा मी सरळ विश्रामगृहावरच गेले. सदस्य मी होते, तिथं बसलेल्या निम्म्या लोकांपेक्षा माझा हक्क मोठा होता. मी आत शिरताच सगळे उठले. कुणी खुर्ची पुढं केली, कुणी पंख्याचा झोत माझ्याकडं वळवला, सभापतींनी स्वतः चहा ओतून दिला. मग कापसाला यंदा काय भाव मिळेल यावर बोलणं सुरू झालं आणि मी असेपर्यंत त्याच विषयावर राहिलं. त्यांना वाटलं असेल, दुकानवाली बाई आहे, हिला हेच बरं. चहा संपल्यावर मी उठले. व्हरांड्यातून बाहेर पडेपर्यंत आतून हसण्याचा आवाज आला. माझ्यावर हसत असतील असं नाही. मोकळे झाले होते, इतकंच.

तेव्हापासून मी सभेच्या दिवशी लवकर जाऊन सभागृहातच बसायची. डबा तिथंच खायची. रिकाम्या सभागृहात लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या मांडणारा शिपाई आणि मी. शिपाई सुरुवातीला दिवे लावायचा नाही, कारण सभा सुरू झाल्याशिवाय दिवे लावायचे नाहीत अशी सूचना होती. पुढं पुढं माझ्या डोक्यावरचा एक लावू लागला.

आता ठरावाची पद्धत सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. कुठलाही ठराव झाला की त्याखाली दोन नावं लागतात. ठराव मांडणारा तो सूचक, त्याला दुजोरा देणारा तो अनुमोदक. आमच्या समितीत ठराव कुणी मांडत नसे आणि दुजोराही कुणी देत नसे. समितीचे बाबू, म्हणजे इतिवृत्त लिहिणारे वरिष्ठ सहायक, विषय वाचायचे, सभापती 'मंजूर' म्हणायचे, आणि पुढचा विषय. नावं बाबू नंतर आपल्या जागेवर बसून भरायचे. पाळीपाळीनं, म्हणजे कुणाला वाटू नये की आपल्याला डावललं. आपलं नाव सूचक म्हणून लागलं की सदस्यांना बरं वाटायचं. गावात दाखवता यायचं. माझं नाव एकदा शाळांना सतरंज्या पुरवण्याच्या ठरावाखाली लागलं होतं आणि आमच्या पक्षाच्या लोकांनी त्याचा फलकही लावला होता. सतरंज्यांबद्दल मी तोंडातून शब्द काढला नव्हता.

त्या वर्षी वरून विषय आला, कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेत सामावून घेण्याचा. प्रत्येक शाळेचा ठराव वेगळा व्हायचा होता, आणि त्यात माझ्या गटातली एक शाळा होती. डोंगराच्या पायथ्याला वस्ती, तिथं चौथीपर्यंतची, एका गुरुजींची शाळा. तिथल्या मुलांनी रस्त्यापलीकडच्या मोठ्या गावात जायचं असा प्रस्ताव होता. अंतर नियमात बसत होतं. नकाशावर बसत होतं, असं म्हणते. मध्ये नाला आहे, आणि नाल्याच्या पुढं ट्रक धावतात तो रस्ता.

सभेच्या आधी मी स्कूटीवरून वस्तीवर गेले. गुरुजींनी काही बोलायचं टाळलं. त्यांची बदली कुठंही होणार होती, आणि माझ्याशी बोलले हे कुणी सांगितलं तर आणखी लांब झाली असती. बोलली ती खिचडी शिजवणारी आजी. शाळेच्या मागच्या पडवीत चुलीसमोर बसली होती. मी बाजूच्या पोत्यावर टेकले.

वस्तीतली धडधाकट माणसं दिवाळी झाली की बाहेर पडतात. कुणी ऊसतोडीला, कुणी वीटभट्टीवर. परत येतात ती उन्हाळ्यात. लेकरं मागं म्हाताऱ्यांजवळ राहतात. राहू शकतात, कारण शाळा दारात आहे आणि दुपारचं जेवण शाळेत मिळतं. आजीची नात तिसरीत होती. मुलगा आणि सून यंदाही दिवाळी झाली की निघणार होते.

"मायबाप गेले का ते माह्याजवळ राह्यते," आजी म्हणाली. "शाळा इथं हाये म्हणून राह्यते. त्या गावाले रोज कोन नेईन तिले? माह्ये गुडघे पाहा. मंग तिची माय म्हणन, चाल आमच्यासंगं. एकडाव उसात गेली का ते पोरगी पुस्तक पाह्यत नाही, ताई. माह्या पोरानं पाह्यलं का?"

नात तेव्हा पडवीच्या कोपऱ्यात ताटं पुसत होती. शाळा बंद झाली तर काय करशील, असं मी तिला विचारलं नाही. लहान मुलांना असले प्रश्न विचारून काय मिळतं, ते मला कळत नाही.

"तुमी मेंबर," आजी म्हणाली. "तुमी नाही बोलान तं कोन बोलन?"

मी शब्द देत नाही सहसा. दुकानातही देत नाही. माल येईल तेव्हा येईल म्हणते. तिला मात्र म्हणाले, मी सभेत विरोध करीन.

मग मी समितीतल्या सगळ्यांना फोन केले. प्रत्येकानं ऐकून घेतलं. प्रत्येक जण म्हणाला, ताई, तुमचं बरोबर आहे. एकानंही 'नाही' म्हटलं नाही. मी तेव्हा हे चांगलं लक्षण समजले.

सभेत तो विषय बराच खाली होता. बाबूंनी वाचला, सभापती 'मंजूर' म्हणणार तेवढ्यात मी उभी राहिले. त्या सभागृहात मी कुणाला उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. चहाचे कप वाटत होता तो शिपाईसुद्धा थांबला. मी नाला सांगितला, रस्ता सांगितला, ऊसतोड सांगितली. शाळा हलवली तर मुलं मोठ्या गावात जाणार नाहीत, आईबापांसोबत जातील, हे सांगितलं. पाल्हाळ लावला नाही. माझ्या शेजारी चिखलीकडच्या एक सदस्या बसायच्या, वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांचे मिस्टर ठेकेदार. मी खाली बसताना त्यांच्याकडून टेबलावर टक असा आवाज झाला. मला वाटलं, बाईनं टेबल वाजवून पाठिंबा दिला. बरं वाटलं.

सभापती म्हणाले, ताईंनी चांगली चर्चा केली, धन्यवाद. बाबूंनी पुढचा विषय वाचला.

'मंजूर' हा शब्द आला नव्हता. मी धरून चालले की विषय थांबला. संध्याकाळच्या एस.टी.नं घाट उतरताना मी खुशीत होते, हे कबूल करायला हवं. घरी आले, कुलूप काढलं, दिवा लावला. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. भावाला फोन लावला, तो मीटिंगमध्ये होता. मग भाकरी टाकली.

दोनेक आठवड्यांनी वस्तीतला एक शेतकरी फवारणीचं औषध घ्यायला दुकानात आला. नेहमीचं गिऱ्हाईक. औषध पिशवीत टाकलं, पैसे दिले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "शाळेचा ठराव तुमीच मांडला म्हणे, ताई."

मी म्हणाले, मी विरोध केला.

"मंग कागदावर काय लिहेल हाये? गुर्जीनं सगळ्याइले वाचून दाखवलं. सूचक म्हणून तुमचंच नाव हाये."

तो भांडायला आला नव्हता. त्यानं मोड परत घेतली, मोजली नाही, आणि गेला. त्यानंतर वस्तीतली माणसं माझ्याकडं यायची थांबली. पलीकडच्या गल्लीतल्या दुकानातून माल नेऊ लागली. आठवडी बाजाराच्या दिवशी खिचडीवाली आजी डोक्यावर टोपली घेऊन दुकानासमोरून गेली. मी काउंटरवरून हाक मारली. तिनं ऐकलं नाही असं म्हणता येईल. रस्ता तसा गजबजलेला होता.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून बुलढाणा गाठलं. बाबूंनी खुर्ची दिली, इतिवृत्ताची प्रत काढून माझ्यासमोर ठेवली. होतं माझं नाव. अनुमोदक म्हणून शेजारच्या त्या सदस्येचं.

"मी विरोधात बोलले होते," मी म्हणाले.

"हो ना मॅडम. त्या विषयावर फक्त तुम्हीच बोललात."

"मग?"

"जो बोलला त्याला सूचक धरायचं, अशी आपली पद्धत आहे. कुणी बोललंच नाही तर मग पाळीनं नावं टाकतो. आणि त्या मॅडमनी टेबल वाजवला होता."

कुणी सांगून केलं असेल असं मला वाटलं होतं. बाबूंच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. पाळी नसताना मला मान दिला, असंच त्यांना वाटत होतं. विरोधात कुणी बोललं तर ते कुठं लिहायचं, मी विचारलं. ते म्हणाले, त्यांच्या नोकरीत तसं कुणी बोललेलं त्यांनी ऐकलं नाही.

मी तिथूनच सभापतींना फोन लावला. ते दिलखुलास माणूस होते. म्हणाले, अहो ताई, एवढंच ना, पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना तुमचं नाव काढू. माझं टाका हवं तर. माझ्या गावात शाळा बंद होत नाहीये. मी विचारलं, आणि ठरावाचं? ते म्हणाले, ठराव तर झालेलाच आहे.

घाटात एस.टी. बराच वेळ थांबली होती, पुढं एक ट्रक आडवा झाला होता. लोक उतरून बघायला गेले. मी बसून राहिले. नाव काढलं की माझी वस्तीवर पत परत येणार होती. दाखवायला कागद मिळणार होता, बघा, माझं नाव नाही. आणि शाळा बंद होणार होती. पुढच्या महिन्यात ती पोरगी उसात जाणार, आणि आजी मला बाजारात ओळख देणार. त्या ओळखीचं मी काय करणार होते?

ठराव ज्यानं मांडला त्याला तो मागं घेता येतो का, हा विचार मला त्या ट्रकच्या मागं सुचला. मी बाबूंना फोन केला. ते म्हणाले, बघून सांगतो. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. आवाज हळू होता. म्हणाले, इतिवृत्त कायम व्हायच्या आधी सूचकाला ठराव मागं घेता येईल, अनुमोदकाची हरकत नसली आणि सभेत कुणी आक्षेप घेतला नाही तर.

"पण मॅडम, एक आहे," ते म्हणाले. "मग तो ठराव तुमचाच होता असं धरावं लागेल. नंतर बाहेर कुठं म्हणायचं नाही की माझं नाव चुकून लागलं होतं. तुमचा नव्हताच तर तुम्ही मागं काय घेतलं, असं कुणीही विचारेल. सगळं उलटं फिरेल."

मी म्हणाले, समजलं.

शेजारच्या सदस्येला आधी सांगायचं की नाही, हा प्रश्न होता. सांगितलं असतं तर त्यांनी मिस्टरांना विचारलं असतं, आणि मिस्टरांनी विश्रामगृहावर. मी सांगितलं नाही. सभेच्या दिवशी नेहमीसारखी लवकर जाऊन बसले, डबा खाल्ला. त्या आल्या, शेजारी बसल्या, कानात म्हणाल्या, ताई, माझं नाव अनुमोदक म्हणून कसं काय लागलं हो? मी तर कप खाली ठेवला होता. म्हणजे ती टेबलावरची टक पाठिंब्याची नव्हती. माझ्या बोलण्यावर त्या सभागृहात कुणीच काही केलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. पण ते मनाला लावून घ्यायची वेळ नव्हती.

पहिलाच विषय मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा. सभापती हसून म्हणाले, ताईंची एक छोटी दुरुस्ती आहे, ती करून कायम करू. मी उभी राहिले.

"दुरुस्ती नाही," मी म्हणाले. "वस्तीशाळेच्या ठरावाची सूचक म्हणून माझं नाव आहे. ते बरोबर आहे. तो ठराव मी मागं घेते."

सभापतींनी शिक्षणाधिकाऱ्यांकडं पाहिलं, शिक्षणाधिकाऱ्यांनी बाबूंकडं. बाबूंनी समोरचं पुस्तक उघडलं, खूण घालून ठेवलेली होती, आणि मान खाली घालून नियम वाचला. मग सभापती माझ्या शेजारी वळले. अनुमोदकांचं काय म्हणणं आहे?

त्यांनी आधीच मोबाईल हातात घेतला होता. टेबलाखाली मिस्टरांना लावला. रिंग जात होती, मला ऐकू येत होती. कुणी उचलला नाही. विश्रामगृहावर जेवणं होऊन मंडळी पडली असणार. त्यांनी पुन्हा लावला. सगळे थांबले होते. त्या एकदम म्हणाल्या, "पण मी तर तेव्हा नुसता कप..."

मी टेबलाखाली त्यांचा मनगटाजवळ हात धरला. जरा जोरातच धरला असेन. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटतं त्यांना सगळं समजलं नाही, पण बोलणं थांबवायचं एवढं समजलं. त्यांनी मोबाईल पालथा ठेवला.

"माझी हरकत नाही," त्या म्हणाल्या.

बाकी कुणाचा आक्षेप आहे का, सभापतींनी विचारलं. आक्षेप घ्यायचा तर बोलावं लागलं असतं. सकाळी विश्रामगृहावर या विषयाचं काहीच ठरलं नव्हतं, आणि न ठरलेल्या विषयावर बोलायची तिथं कुणाला सवय नव्हती. प्रस्ताव परत पाठवू, शिक्षणाधिकारी म्हणाले. बाबूंनी पुढचा विषय वाचला.

सभा सुटल्यावर त्या सदस्येला घ्यायला गाडी आली. मिस्टर उतरून दार उघडायचे, त्या दिवशी उतरले नाहीत. पुढच्या सभेला त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या, आणि मुदत संपेपर्यंत तिथंच बसत राहिल्या. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. तिच्यावर मी पर्स ठेवू लागले. सभापती बोलायचे तसे बोलायचे, पण आता माझ्याशी बोलताना शब्द निवडून वापरायचे. बाबू मात्र पूर्वीसारखेच नमस्कार करायचे.

दिवाळी झाली. वस्तीतली माणसं कामाला गेली, शाळा चालू राहिली. बाजाराच्या दिवशी मला ती पोरगी आजीसोबत दिसली, म्हणजे मागं राहिली होती. प्रजासत्ताक दिनाला गुरुजींनी सदस्य म्हणून मला झेंड्याला बोलावलं. त्यांना बोलवावंच लागलं असणार. वस्तीत मागं राहिलेले लोक आले, लांब उभे राहिले. झेंडा झाल्यावर आजीनं चहा आणून दिला. तिच्यासोबत पाहुणी आलेली एक बाई होती. तिनं विचारलं असावं, ह्या कोण. आजी माझ्यासमोरच म्हणाली, आवाज न चढवता, "थ्याच ह्या. आधी शाळा बंद करा म्हणल्या. मंग लोकायनं बोंब मारली तं भेल्या, आन ठराव वापस घेतला."

मी चहा प्याले. नात रांगेत उभी होती, हातात कागदाचा झेंडा. गाणं म्हणताना दुसऱ्या कडव्याला चुकली आणि शेजारणीकडं बघून पुढं म्हणू लागली. मी काही बोलू शकत नव्हते. एका वाक्यात सांगता आलं असतं, पण ते वाक्य वस्तीवरून मोताळ्याला आणि मोताळ्याहून बुलढाण्याला पोचायला वेळ लागला नसता.

नंतर मुदत संपली. प्रशासक आले, प्रस्ताव वर कुठं तरी पडून राहिला असेल. शाळा आजही आहे. पोरगी आता मोठी झाली, मोठ्या गावात पुढच्या वर्गात जाते. वस्तीतल्या चार-दोन मुली मिळून सायकलींवर नाला ओलांडतात. हे मला दुकानातून दिसतं असं नाही, माल पोचवायला त्या बाजूला गेले की दिसतं.

आता बोलायला हरकत नव्हती, म्हणून एक दिवस मी वस्तीवर गेले. आजी त्याच पडवीत होती, चुलीजवळ. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. विरोधात बोलले, जो बोलतो त्याचं नाव मांडणारा म्हणून लागतं, तशी तिथं पद्धत आहे. नाव काढून घेतलं असतं तर ठराव राहिला असता. म्हणून माझाच आहे म्हटलं आणि मागं घेतला. म्हणून इतके दिवस सांगता आलं नाही. सावकाश सांगितलं. दुकानात औषधाचं प्रमाण समजावून सांगते तसं.

तिनं पळी पातेल्यावर आडवी ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"इरोधात बोलल्या, आन लिहिलं का ह्याहीनंच मांडला?" ती म्हणाली.

"हो."

"असं कुठी राह्यते का, ताई?"

मी म्हणाले, राहतं. तिथं तसंच राहतं. ती माझ्याकडं बघून हसली, वाईट हसली नाही. घरच्या माणसानं थाप मारली की हसतात तशी हसली.

"आता इलेक्शन येऊन राह्यलं वाट्टे," ती म्हणाली.

मी उभी राहणार नाही, मी सांगितलं. हाव, ती मान हलवत म्हणाली, आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. आत गुरुजी पाढे म्हणून घेत होते. मी थोडा वेळ बसले. मग ती म्हणाली, जेवून जाता का, खिचडी होतेच हाये. मी नको म्हणाले, दुकान उघडायचं होतं.